पास झाला

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रत्येक शर्टाला बारीक बारीक भोकं असायची. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लाल लोखंड ओढताना ठिणग्या उडायच्या आणि शर्टाची चाळणी व्हायची. आई बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीच्या फुलांचं क्रॉसिंग करायला जायची आणि संध्याकाळी ती भोकं शिवायची. पत्र्याची एक खोली, तिच्यात आम्ही तिघं. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. दहावीपर्यंतसुद्धा मी एकटाच गेलो होतो, त्यामुळे घरातला विक्रम मीच केला आणि पुढं मीच मोडला.

जालन्याच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी फिजिक्स राहिलं. याला कॉलेजात ‘केटी लागली’ म्हणतात. शेजारच्या काकूनं ते ऐकलं आणि काळजीनं विचारलं, “लागली म्हंजी? दवाखान्यात दाखवलं का न्हाई?”

मी सगळ्यांना समजावून सांगितलं की हा आजार नाही, एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात, तो विषय नंतर काढायचा असतो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी नापासच की.”

विद्यापीठानं एवढं डोकं लढवून शोधलेली सोय त्यांनी दोन शब्दांत निकालात काढली. मग हिशेबी माणसासारखी अट घातली. “तिसऱ्या सेमिस्टरला समदे विषय निघाले, ह्यो फिजिक्सबी, तर शिक. एक जरी राह्यला तर माह्यासंगं टेम्पोत बस.” टेम्पो म्हणजे अंबडजवळच्या आमच्या गावातून पहाटे एमआयडीसीला माणसं नेणारा. माणसं भरायचं काम गावातल्याच मुकादमाचं.

तिसऱ्या सेमिस्टरला मी खरंच अभ्यास केला. अंबड ते जालना एसटीत फिजिक्सची सूत्रं तोंडातल्या तोंडात म्हणायचो. शेजारच्या प्रवाशांना वाटायचं, पोरगं देवाधर्माचं आहे. पेपर बरे गेले. पण बरे गेलेल्या पेपरांनी मला आधीही फसवलं होतं.

विद्यापीठाची एक रीत आहे. निकाल लागायच्या आधी पुढचं सेमिस्टर चालू करून टाकायचं. खालचा मजला उभा राहिला का ते न बघता वर स्लॅब टाकायचा. मीही चौथ्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलच्या वह्या आणल्या, त्यांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातली, आणि एसटीच्या सवलतीच्या पासासाठी कॉलेजातून बोनाफाईड काढलं.

पास काढायला निघालो त्या सकाळी अण्णा कामावर जाता जाता आईला म्हणाले, “आज संध्याकाळी मुकादमाकडं जाऊन ह्याचं नाव देऊन येतो. निकाल लागंल तवा लागंल. जागा तर धरून ठिवू.”

मी निघालो तेव्हा आई फक्त म्हणाली, “पास झाला की काकूच्या फोनवर कळव बाबा.” तिच्याकडं फोन नव्हता.

अंबडच्या स्टँडवर पासाच्या खिडकीपुढं ही रांग. खिडकीतल्या साहेबांनी फोटोकडं बघितलं, माझ्या नव्या दाढीकडं बघितलं. “हा कोन हे? तुहा लहाना भाऊ का?” शेवटी शिक्का पडला. मी बाहेर येऊन फोन लावला. मागं गाड्यांचा आणि कंडक्टरांचा कल्ला.

“काकू, आईला सांगा, पास झाला!”

“काय झाला?”

“पास! पास झाला!”

काकू फोन बंद करायलाच विसरली. मला पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, “अगं ए, तुह्यं लेकरू पास झालं!”

मी ‘काकू, काकू’ करत राहिलो, पण काकू अंगणात पोचली होती. एसटीचा पासही होतो आणि पोरगंही पास होतं. मराठीनं आमच्या घरासाठी एवढी सोय करून ठेवलेली मला ठाऊक नव्हती.

फाट्यावर उतरलो तर चहावाल्यानं हात मिळवला. घरी आलो तर आईनं साखर वाटून डबा रिकामा केला होता. पहिली वाटी मुकादमाच्या घरी गेली होती. त्यामुळे अण्णा टेम्पोतून उतरले तेव्हा मुकादमाच्या बायकोनंच त्यांना वाटेत गाठून अभिनंदन केलं. ते नाव द्यायचं सोडून, फाट्यावरून पेढे घेऊन घरी आले.

“मुकादमाला सांगितलं, आमचा गडी येत न्हाई,” अण्णा म्हणाले. आवाज करडाच होता, पण पेढा मला पहिला दिला.

“अण्णा, ते काय झालं...”

आईनं माझ्या ताटात भाकरी आदळली. “गप जेव. पास झालेल्या माणसानं लई बोलू न्हाई.”

पुढचे काही आठवडे मी गावात मान खाली घालून फिरलो. लोक म्हणायचे, पोरगं पास झालं तरी गर्व न्हाई. पेपर लिहून झाल्यावर भीतीनं अभ्यासाला बसणारा विद्यापीठात मी एकटाच असेन. चौथ्या सेमिस्टरचे दोन धडे मी सरांच्या आधी संपवले.

निकाल लागला त्या दिवशी कॉलेजच्या सायकल स्टँडजवळ मित्राच्या मोबाईलवर तो तीनदा अडकला आणि चौथ्यांदा उघडला. सगळे विषय निघाले होते. फिजिक्स धरून.

घरी येऊन ओरडलो, “अण्णा, पास झालो!”

अण्णा बूट काढत होते. “आरं, मागंच झाला ना? कितींदा होतो? पेढे पुन्हा मागू नको.”

आईचा पिठातला हात मात्र थांबला. तिनं हळूच विचारलं, “फिजिक्सबी?”

“फिजिक्सबी.”

मग माझ्या ध्यानात आलं. अण्णा बाहेर गेल्यावर मी विचारलं, “तुला माहीत व्हतं?”

“मीच तर त्या सकाळी म्हन्ले व्हते, पास झाला की फोन कर.”

“मंग साखर काहून वाटली?”

“नाव एकदा मुकादमाच्या वहीत गेलं की लवकर निघत न्हाई. तुह्या बापाचं निघालं का?”

“पन खोटंच की ते.”

“मी कुठं खोटं बोलले? पास झालता का न्हाई?” असं म्हणून तिनं पुढच्या भाकरीचा उंडा हातात घेतला.

त्यानंतरची तिन्ही सेमिस्टर मी एकही विषय न ठेवता काढली. टेम्पोत एक दिवसही बसलो नाही. मी बीएस्सी झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आहे.