बुटका, पण दणकट

आमच्या गाडीत दोन माणसं बसतात, किंवा एक माणूस आणि एक जॅक.

गाडी म्हणजे लाल, विलायती, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. महाडात माझं औषधांचं दुकान आहे. सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर माझ्याकडे काही ना काही असतं, या गाडीच्या वेडावर मात्र काही नाही. ती इतकी बुटकी आहे की तिच्यात बसायला उतरावं लागतं आणि उतरायला चढावं लागतं! गल्लीतले लोक तिला साबणाची वडी म्हणतात. माझी बायको सुमन तिला जे म्हणते ते इथे छापता येणार नाही.

सुमनच्या भाचीचा पोलादपूरला साखरपुडा होता आणि मला गाडी मिरवायची होती. सुमननं एकच अट घातली. "मुलीची ओटी मला भरायचीय. मुहूर्त चुकला तर उद्या ही गाडी भंगारात. मी स्वतः चालवत नेईन!" (ती माझ्यापेक्षा बरी चालवते, त्यामुळे धमकी खरी होती.)

वाटेत चाक पंक्चर झालं तर? मी घाबरून जॅक शोधायला लागलो. मूळचा जॅक आधीच्या मालकाच्या काळातच हरवला होता. पहिला मिळाला तो बाटलीसारखा उभा, ट्रकवाल्यांचा. तो काही केल्या गाडीखाली जाईना. मग चाकांचा ट्रॉली जॅक पाहिला. बुटका, रुंद, देखणा! अलगद गाडीखाली गेला, पण डिकीत मावेना. मावत होता तो फक्त सुमनच्या सीटवर.

"जॅक की मी?" सुमननं विचारलं.

मी क्षणभर (फक्त क्षणभर!) विचार केला. तो क्षण मला अजून ऐकवला जातो.

शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतला, कात्रीसारखा उघडणारा जॅक मागून आणला. घरासमोर सगळ्या गल्लीच्या साक्षीनं चाचणी घेतली. जॅक खाली सरकला, वर दोन बोटं जागा उरली, हँडल फिरवलं आणि गाडी उचलली गेली! कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

साखरपुड्याच्या दिवशी पोलादपूरच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं.

"घाबरू नकोस, हे बघ!" म्हणत मी रुबाबात जॅक काढून गाडीखाली सरकवायला गेलो. सरकेना. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, हात जोडून पाहिला. मी चाचणी घेतली होती ती हवा भरलेल्या चाकावर! पंक्चर झालं की गाडी खाली बसते, हे मला पंक्चर झाल्यावर कळलं.

"भंगारवाल्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?" सुमननं पदरानं वारा घेत विचारलं. उन्हानं सीट महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडासारखी तापली होती.

मी तिच्या धाकट्या भावाला, बाबूला फोन लावला. रेंज येत-जात होती.

"बाबू, पोलादपूरच्या अलीकडे अडकलोय! जॅक पाहिजे!"

"आँ? कोनी अडवलं, भावोजी?"

"माझा जॅक कामाचा नाही रे! बुटका पाहिजे, पण दणकट!"

"समाजलं! टेन्शन नाय लेनेका. हाय आपल्याकडं. आत्ताच पोहे खायला बसलाय, उठवून आनतो."

पोहे खाणारा जॅक ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. पण तेवढ्यात रेंज गेली.

थोड्या वेळानं जीप आली. बाबू उतरला आणि त्याच्यामागून उतरले नानासाहेब, पंचायत समितीचे माजी सदस्य. कडक पांढरे कपडे, उंची माझ्या खांद्याएवढी, रुंदी जीपच्या दाराएवढी आणि मिशीला पोह्यांवरचं खोबरं.

"कोन अडवतंय आमच्या पाव्हन्यांना?" त्यांनी रस्त्यावर गर्जना केली. रस्त्यावर फक्त एक म्हैस होती. ती बाजूला झाली.

आमच्याकडे जॅक दोन प्रकारचे. एक गाडी उचलतो. दुसरा बदली थांबवतो, दाखला काढतो, अडकलेला माणूस सोडवतो. बाबूनं दुसरा आणला होता!

"अरे, हा जॅक?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमीच बोललात ना, बुटका पायजे, पन दणकट!"

नानासाहेबांनी बाबूकडे पाहिलं. मग माझ्याकडे (मान वर करून). मग फार सावकाश स्वतःकडे. गाडी राहिली बाजूला, आता मीच भंगारात जाणार, अशी माझी खात्री झाली.

तेवढ्यात सुमनला हसू फुटलं. "नाना, आता आलायत तर उचलाच!"

"काय गो, तुजा नवरा नेहमी असाच बोलतो?"

"नाही, आज शुद्धीवर आहे म्हणून बरा बोलला!"

नानासाहेबांनी बाह्या सरसावल्या. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं बाबू. "हां, उचल!" गाडीचा मागचा भाग वर आला आणि मी रस्त्यावर आडवा पडून जॅक आत सारला. अखेर जॅक लागला, दोन्ही अर्थांनी!

चाक बदलून आम्ही मुहूर्ताला पोचलो. सुमननं ओटी भरली. मग भाचीला त्या लाल गाडीत बसून फोटो हवे झाले. तिच्या सासरचेही जमले. सुमन स्टीअरिंगवर बसून सगळ्यांना एकेक फेरी मारून आणू लागली. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. गाडी वाचली! मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी जाऊन मी तो देखणा ट्रॉली जॅक घेऊन आलो.

भाचीच्या लग्नाच्या दिवशी मी कपडे करून बाहेर आलो, तर सुमन स्टीअरिंगवर बसलेली आणि शेजारच्या सीटवर ट्रॉली जॅक, व्यवस्थित पट्टा बांधून.

"जॅक की मी?" मी विचारलं.

तिनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. एस.टी.ला गर्दी होती, पोलादपूरपर्यंत उभा गेलो.