ट्रंकभर माती

माणसं खिशात काय काय बाळगतात, पण दोन्ही खिशांत माती भरून लग्नाला येणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. मला टिळा लावताना त्यांचा अंगठा आधी सवयीने खिशात गेला आणि मग कुंकवात, त्यामुळे लग्नाच्या फोटोत माझ्या कपाळावर शाहूवाडीची जमीन ठळक दिसते. मामा जंगल खात्यात गार्ड होते. निवृत्त झाले तरी जाईल तिथली चिमूटभर माती उचलायची, नाकाशी न्यायची आणि दुसऱ्याच गावच्या झाडाच्या बुडात टाकायची ही खोड सुटली नाही. नृसिंहवाडीहून लोक पेढे आणतात. मामांनी औदुंबराखालची माती आणली, आणि माझ्या सासूबाईंनी ती अंगारा समजून घरादाराच्या कपाळाला फासली. मामा शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. अंगाला लागली म्हंजे वाया न्हाय गेली." आमच्याकडे आले की बायकामुलांची चौकशी नंतर, आधी गॅलरीतली कुंडी. "पावणं, ह्यो कडीपत्ता एकटा पडलाय," असं म्हणत खिसा रिकामा करायचे. फरशी बायको पुसायची. कढीपत्ता मात्र महिन्याभरात वरच्या मजल्यावर डोकवायला लागला, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

या खोडीचं मूळ मामांच्या गावावरच्या उघड्याबोडक्या सड्यात, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारात आहे. मामा नोकरीला नवे असताना तिथे एका साहेबांनी परदेशी पाईन लावून डोंगर हिरवा करायचं मनावर घेतलं. बी सातासमुद्रापलीकडून आलं, रोपं उगवली आणि बोटभर वाढून पिवळी पडून मेली. दुसऱ्या वर्षी तेच. साहेबांची बदली झाली. जाताना ते एवढंच सांगून गेले, की पाईनच्या मुळांना एका बुरशीची सोबत लागते, ती आपल्याकडच्या मातीत नाही. जुन्या पाईनखालची माती आणून मिसळली तर रोपं जगतील. घरी चार म्हशी असलेल्या मामांना हे ताबडतोब पटलं. "दूध हाय, पर इरजणच न्हाय," ते म्हणाले. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्यांनी नव्या नवरीला उटीला नेणार असल्याचं जाहीर केलं. अख्खा गाव गार पडला. मामींच्या मैत्रिणी जळून खाक झाल्या. मामींनी उटीत काय बघितलं, तर पाईनचं जंगल, आणि त्यात खुरपं घेऊन उकिडवा बसलेला नवरा. परतताना माहेरची ट्रंक मातीने भरली आणि साड्यांचं गाठोडं मामींच्या मांडीवर आलं. एसटीत ट्रंक चढवताना कंडक्टर वैतागला, "दगुड भरलाय व्हय ह्यात?" तेव्हा नवी नवरी पहिल्यांदा चारचौघांत बोलली, "दगुड न्हाय, माती हाय. दगुड ह्यो बाजूला बसलाय."

ती रोपं जगली. सडा काळाहिरवा झाला. गावाने सुयांसारख्या पानांवरून त्याला 'सुईचं रान' म्हटलं आणि मामी वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून झालं की एक फेरा पहिल्या पाईनला घालायच्या. "माझ्या ट्रंकेतलं हाय त्ये," म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. तेव्हापासून मामा सकाळचे तिथेच जाऊन बसतात.

पण त्या रानात सुयांच्या थराखाली गवताची काडी उगवत नाही, गुरं उपाशी परततात, उन्हाळ्यात वणवा लागतो. खात्याने पाईन काढून जांभूळ, अंजन, हिरडा लावायचं ठरवलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. सुरुवातीला एक पट्टा मोकळा करून देशी रोपं लावली. ती पिवळी पडली. गेल्या वर्षी मी मामांच्या गावी असतानाच नव्या वन अधिकारी बाई मामांकडे आल्या. "मामा, ही रोपं जगली नाहीत तर पुढची तोड थांबवावी लागेल," म्हणाल्या, "तुम्हाला काही सुचतंय का?" मामांनी पायाखालची चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली. त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं, मामींचं रान उभं राहिलं असतं. खरं सांगतो, त्यांनी गप्पच बसावं असं मला फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली, "पावणं, ट्रंक उचला. ह्या रोपांचंबी इरजण आणाया जायचंय." आम्ही देवराईत गेलो. मामांनी देवाला नारळ फोडला, जुन्या जांभळाखाली बसून खुरप्याने मामींची ट्रंक भरली. मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, बोलला नसता तर चाललं असतं." ते म्हणाले, "रोपाचं काय चुकलंय हो? पिवळं पडल्यालं रोप मला बघवत न्हाय. तवाबी बघवलं न्हाय, आताबी न्हाय." ती माती प्रत्येक रोपाला त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. पावसाळ्यानंतर रोपांना तांबूस पालवी आली, आणि मग पाईन पडायला लागले.

शेवटचा पडला त्या आठवड्यात मामा कोल्हापूरला आले. कढीपत्त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पिशवीतून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. आत पाईनखालची माती होती. "इरजण हाय," म्हणाले. "वाळू दिऊ नका." आता तिकडे पाईन कोण लावणार, हे मी विचारलं नाही. मी रोज सकाळी त्या डब्यात पाणी शिंपडतो.

परवा माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं लग्न झालं. मामांनी नवऱ्यामुलाला टिळा लावला. अंगठा खिशात गेला, तिथे थोडा थांबला आणि तसाच कोरा बाहेर आला. टिळा नुसत्या कुंकवाचा, लालभडक लागला. फोटो अगदी स्वच्छ आलाय. मला तो बघवत नाही.