धोंडूबाईने आडवी केलेली काठी

पोशीरच्या धोंडूबाईचा राग पाटाचे पाणी नव्हता, की हवा तिकडे वळवावा. तो वणवा होता. जावेवर हात उगारणाऱ्या दिरापुढे ती कोयता घेऊन उभी राहिली होती. सुईणीला दारातून परत धाडणाऱ्या सासूलाही तिने सोडले नव्हते. पण बाबांनो, तो राग पेटे तो नेहमी कुणाच्या तरी जिवासाठी. म्हणून त्या माउलीची कथा सांगताना जीभ विटाळत नाही, पावन होते.

एकसष्ट सालच्या चैत्री पौर्णिमेला गावाची काठी डोंगरावरच्या देवीच्या, आईच्या, भेटीला निघाली. काठी म्हणजे तीन पुरुष उंचीचा बांबू, शेंड्याला मोरपिसे, अंगभर नवसाची लुगडी. बुंधा कमरेच्या पट्ट्यात रोवून ती उभीच न्यायची. आईच्या दारापर्यंत आडवी होऊ द्यायची नाही, बाईचा हात लागू द्यायचा नाही, असा रिवाज. मान धोंडूबाईच्या घरचा. त्या वर्षी काठी तिच्या नवऱ्याच्या, नागूच्या, कमरेला होती.

चैत्रातली डोंगरवाट मोठी फसवी. वाळून लोळलेले गवत तेलासारखे निसरडे, गवताखाली सुटलेला मुरूम. आणि त्या दिवशी वारा असा, की बायकांच्या डोक्यावरच्या नैवेद्याच्या टोपल्या उडाव्या. पुढे डोंगराची सोंड होती: एका माणसापुरती वाट, दोन्ही अंगांना दरी.

सोंडेच्या तोंडाशीच झोत आला. लुगडी शिडासारखी फुगली. नागू गरकन फिरला, मुरमावर घसरला, एका गुडघ्यावर आदळला. गुडघा फुटून रक्त आले. पण काठी उभी राहिली. लोकांनी जयजयकार केला.

त्या जयजयकाराने धोंडूबाई पेटली. टोपली जावेच्या हातात देऊन ती गर्दी चिरत पुढे आली.

"कुनाचा जय करता रं? मानूस दरीत चाललाय नि टाळ्या पिटता?"

गावकीचा म्होरक्या चांगो आडवा आला. "वैनी, मागं व्हा. आई बघून घेईल."

"आईनंच डोळं दिलं ना तुला? मंग वापर की! लई भक्ती हाय तर बांध पट्टा तुज्या कमरेला. बांध! आत्ता बांध!"

चांगोचा हात पट्ट्याकडे गेला नाही.

"गप गं," नागू दातओठ खात म्हणाला. "घराचा मान हाय."

"मान घिऊन रडू का मी तुमच्या मढ्यावर? माज्या आईला न्हाय लागत लेकराचं रगत!"

आणि तिने काठीला हात घातला. गर्दीतून "अगं, अगं" उठले, कुणी कानांवर हात ठेवले. तिने लुगडी खेचली, बुंधा पट्ट्यातून उपसला, काठी वाकवून आडवी केली, लुगडी तिच्याभोवती गुंडाळली आणि बुंध्याकडचे टोक स्वतःच्या खांद्यावर घेतले. शेंडा हवेत थरथरत राहिला. मग तिचा दीर, तोच कोयत्यापुढचा दीर, मुकाट्याने आला आणि त्याने शेंडा उचलला. एकामागे एक, बसत, रांगत, सारे सोंड पार झाले. झोत पुन्हा पुन्हा आला. त्याला धरायला कापड सापडले नाही.

आईच्या दारात काठी उभी राहिली, ओटी भरली. नागूने मात्र नैवेद्याचा घास घेतला नाही. उतरताना तो मागे रेंगाळला. बायकोचे तोंड पाहायचे नव्हते त्याला. दुखरा गुडघा ओढत तो दरीच्या कडेकडेने चालू लागला.

धोंडूबाई वळली. डोळ्यांतला जाळ तसाच होता.

"नका बोलू माज्याशी. जल्मभर नका बोलू. पन म्होरं चाला. तुमची पावलं मला दिसली पायजेत."

नागू तिच्या पुढे झाला.