सोजरबाईचे चार लोड

इंझोरीच्या दौलतरावांच्या घरात खोल्या दोन आणि माणसं नऊ. दिवाळीनंतर खोली एकच उरायची, कारण दुसरीत कापूस मुक्कामाला यायचा आणि भाव चढेपर्यंत दौलतराव त्याला जावयासारखे जपायचे. माणसांनी कुठे निजावं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

कपड्यांचा प्रश्न त्यांच्या बायकोला, सोजरबाईला पडला. तिने जुन्या जाजमाच्या लांब पिशव्या शिवल्या. लुगडं असो की बंडी, उभी घडी घालून ती गुडघ्याखाली दाबत घट्ट गुंडाळायची. अशा गुंडाळ्या पिशवीत ठासून तोंड बांधलं, की झाला लोड. नऊ माणसांचे कपडे चार लोडांत मावले.

"कपडे काय टेकून बसाले असतात?" दौलतराव म्हणाले. "लोकाईच्या घरी पेट्या हायत."

"ठेवसान कुठं?"

असल्या किरकोळ शंकांना ते उत्तर देत नसत. ते कारंज्याला गेले आणि गुलाब रंगवलेली पत्र्याची पेटी बैलगाडीतून घेऊन आले. पेटीसाठी जातं अंगणात गेलं. झाकण उघडलं की दार लागेना. आत दौलतरावांचा एकुलता एक कोट ऐसपैस राहू लागला. घरात एवढी जागा दुसऱ्या कोणालाच नव्हती.

माघात कामरगावचे शालिग्राम आपल्या बहिणीला, चंदाबाईला घेऊन मुलासाठी दौलतरावांच्या मुलीला, रुख्मिणीला पाहायला आले. लोडाला टेकून म्हणाले, "बैठक लय मस्त हाय."

"खास सावरीचा कापूस भरला हाय," दौलतरावांनी ठोकून दिलं.

नारळ द्यायची वेळ आली, तेव्हा आपलं डोकं उघडं असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दाराआड जाऊन विचारलं, "फेटा कुठं हाय?"

सोजरबाई पदर सावरत बाहेर आली. "पाव्हणे, जरा सरकता का? तुमच्या पाठीमागं यांचा फेटा हाय."

तिने लोडाचं तोंड सोडलं. फेटा निघाला, सुरकुती नाही. त्याच्यापाठोपाठ दौलतरावांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डीही निघाली. दौलतराव आढ्याची लाकडं मोजू लागले.

"सावर चांगली पिकते तुमच्याइथं," चंदाबाई म्हणाली. मग पुढे सरकून तिने सगळा लोड उपसला आणि पुन्हा भरून पाहिला. अर्धे कपडे बाहेरच राहिले.

"पोरीले येते का हे?"

"हा तिनंच बांधला," सोजरबाई म्हणाली.

"दादा, आपल्या घरी चौदा माणसं हायत. पोरगी पक्की करा."

मुलीचा रंग, उंची, पत्रिका, कोणी काही विचारलं नाही.

वैशाखात लग्न झालं. रुख्मिणीचा लोड तिच्याबरोबर गेला. त्या रिकाम्या कोपऱ्यात सोजरबाई बराच वेळ बसून राहिली; जागा झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

पुढे गावच्या बायका शिकायला येऊ लागल्या. शिकवायला अर्थातच दौलतराव बसायचे. "मी तं पयलेच म्हणत होतो," असं सांगून ते ओसरीवर धोतर गुंडाळून दाखवायचे. धोतर उलगडत पायरीपर्यंत जायचं. सोजरबाई ते उचलायची आणि बायकांकडे बघत पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायची.