सर्जेरावांचा घोट

माझे धाकटे दीर सर्जेराव. कळंबच्या आसपास गुऱ्हाळं होती तोवर त्यांनी गुळव्याचं काम केलं. उकळत्या काकवीचा थेंब गार पाण्यात टाकायचा, गोळी बोटांत दाबून बघायची आणि "उतरवा" म्हणायचं, की माणसं गुळाची काहील चुलीवरून उतरवायला धावत. स्वभाव चेष्टेखोर. मी लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा भर पंगतीत त्यांनी विचारलं होतं, "वैनी इंग्रजीत जेवत्यात का?"

गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एक हात लुळा पडला, बोलणं जड झालं. पण सर्वांत वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. नाकातल्या नळीतून अन्न सुरू झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडाने काही द्यायचं नाही. त्यांची बायको, माझी जाऊ शकुबाई, हिला ते बघवेना. ती गुपचूप चमच्याने चहा पाजू लागली. ठसका लागत नाही, म्हणजे नीट उतरतोय, असं तिला वाटलं. मग ताप चढला, छाती भरली आणि सर्जेराव पुन्हा बारामतीला दवाखान्यात.

छाती मोकळी होत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. गिळण्याची तपासणी करू. ती ठीक आली नाही, तर पोटाला छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागेल.

सर्जेरावांनी भिंतीकडे तोंड केलं. तसेच म्हणाले, "वैनी, तोंड असून पोटातनं जेवायचं? त्यापरीस मला घरी न्या." या वेळी ते चेष्टा करत नव्हते.

तपासणीला तेजश्री आली. इंदापूरची मुलगी, गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करते. घशात काहीही घालायचं नव्हतं. तिने कंठमण्याशेजारी बटणाएवढा सेन्सर चिकटवला आणि छातीभोवती पट्टा बांधला. घोट घेताना घशाची होणारी थरथर आणि श्वासाची चाल, दोन्हींच्या रेघा समोरच्या पडद्यावर उमटत होत्या.

"ठसकाच लागत न्हाय त्यास्नी," शकुबाई म्हणाली. "मग यंतर कशाला?"

"तेच तर, मावशी. झटक्याने घसा बधिर झाला की घोट श्वासनळीत गेला तरी ठसका येत नाही. गिळताना श्वास थांबायला हवा, मग बाहेर सुटायला हवा. तसं झालं नाही तर मला इथं संशय येईल."

शकुबाईने पदर तोंडाला लावला.

पहिला चमचा दाट पेजेचा. घशाची रेघ उसळली, श्वासाची सपाट झाली, मग हळूच उतरली. तेजश्रीने मान हलवली. दुसराही तसाच गेला. मग तिने पेल्यात तळाशी थोडं पाणी घेतलं. सर्जेरावांनी चांगल्या हाताने पेला उचलला, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली.

ते आयुष्यभर असंच पाणी प्यायले. गुऱ्हाळावर सगळ्यांना मिळून एकच तांब्या असायचा; त्याला ओठ लावणाऱ्याला ते सरळ शिव्या घालत.

पडद्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या झाल्या. ठसका नाही, आवाज नाही. सर्जेराव आमच्याकडे जिंकल्यासारखे बघत होते. "गेलं की!" म्हणाले. पण आवाज पाण्यातून आल्यासारखा, बुडबुडता.

शकुबाई धावली. एका हाताने त्यांच्या टाळूवर थोपटत, दुसऱ्याने हनुवटी उचलत म्हणाली, "वर बघा, आवं वर बघा!"

"नको मावशी! हनुवटी खाली! आबा, खोका. जोरात. अजून."

त्यांच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. सर्जेराव खोकत होते, डोळ्यांत पाणी. आकडा थांबला. मग सावकाश चढू लागला.

"पोटालाच नळी का मग?" मी विचारलं.

"दाट नीट जातंय. पाणी चुकलं, पण मानही मागे होती. छाती तपासून डॉक्टर हो म्हणाले, तर पुन्हा एकदा बघू."

छाती तपासून डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा दुपारी तिने पावडर घालून पाणी दाट केलं. "आबा, ओठ लावून प्यायचं. हनुवटी छातीकडे."

"पेला उष्टा करू?"

"तुमचाच आहे तो."

"धुणार कोण?"

"मी."

"मास्तरीण हाय ही," ते पुटपुटले आणि आमच्याकडे न बघता त्यांनी पेल्याला ओठ लावले. श्वासाची रेघ सपाट झाली. थांबली. मग उतरली. पुढचा घोटही तसाच.

"हा नुसता अंदाज आहे," तेजश्री म्हणाली. "खात्री पुण्याला, एक्स-रेखाली गिळताना बघूनच होईल. तोवर पोटाच्या नळीची घाई नको, असं मी डॉक्टरांना सांगते. दाट पेज थोडी थोडी, अशीच मान खाली घालून. साधं पाणी मात्र नळीतूनच."

"म्हंजी पाणी नाकानंच."

"सध्या तरी."

संध्याकाळी तेजश्रीने पेजेची वाटी शकुबाईच्या हातात दिली. शकुबाईने चमचा भरला, त्यांच्या ओठांपर्यंत नेला आणि पुन्हा वाटीत ठेवला. "मला न्हाय जमायचं," ती म्हणाली.

सर्जेरावांनी आपणहून हनुवटी छातीला टेकवली. "आण की. मी हाय न्हवं हितं."

तिने चमचा पुढे केला. आम्ही तिघी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो.