जीवरामभाऊंचा वेगळा रस्सा

जळालेली मोटर दुकानात आली की जीवरामभाऊ ती उघडण्याआधी वाकून तिचा वास घेतात. समोर शेतकरी उभा असतो. "व्होल्टेज कमी होतं भाऊ, म्हणून गेली," असं काहीतरी सांगत असतो. जीवरामभाऊ सरळ होतात आणि म्हणतात, "व्होल्टेजला कशाला बदनाम करतो? विहिरीत पाणी नव्हतं, तू कोरडी चालवली." शेतकरी ओशाळून हसतो. धुळ्यात पारोळा रोडला मोटर रिवाइंडिंगची बरीच दुकानं आहेत, पण असं तोंडावर सांगणारं दुकान हे एकच. त्यामुळे तिथं गर्दी बेताची असते. मात्र एकदा आलेला माणूस दुसरीकडे जात नाही.

आम्ही शेजारी. त्यांची रूपाली माझ्या वर्गात होती, तेव्हापासून ते मला गुरुजी म्हणतात. मी निवृत्त झालो, पत्नी गेली, आणि रविवारी दुपारी जेवायला रुपचंदभाऊंच्या खानावळीत जायची सवय त्यांनीच मला लावली.

खानावळ म्हणजे पत्र्याची लांबट खोली. शहाबादी फरशीची टेबलं, भिंतीला धुराचा रंग, आणि मागच्या बाजूला दोन मोठ्या चुली. काळ्या मसाल्याचं मटण आणि शेवभाजी, एवढंच मिळायचं. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. साक्री, शिरपूरहून लोक मुद्दाम यायचे. नोकरीनिमित्त पुण्याला गेलेली मुलं सुटीत घरी आली की आईच्या आधी रुपचंदभाऊंना भेटतात, असं लोक गमतीनं म्हणत.

रुपचंद आणि जीवराम एका गल्लीतले, बरोबरीचे. तरुणपणी जीवरामभाऊंसारखा मटण खाणारा आळीत दुसरा नव्हता. नळी चोखायला लागले की शेजारचा माणूस हात थांबवून बघायचा. रुपचंदभाऊ हंडीतली नळी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे आणि दुसऱ्या कोणी मागितली तर "ती बुक आहे," म्हणायचे.

मग एका सप्ताहात भागाबाईंनी, जीवरामभाऊंच्या पत्नीनं, महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतली. मागोमाग जीवरामभाऊही पुढे झाले. मंडपात हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "महाराज, याले नको, रुपचंदनं दुकान बंद पडी जाई!" जीवरामभाऊ स्वतःही हसले. पण माळ घातली ती घातलीच. मला एकदा म्हणाले, "ती घरात शिजवणार नाही, आणि मी बाहेर चोरून खाणार. असा संसार कसला गुरुजी?"

माळ घातल्यावर बाहेरचं खाणं सुटलं. भागाबाईंचं तर स्पष्ट होतं, जिथं मटण शिजतं तिथलं पाणीही नको. पण रुपचंदभाऊ स्वतः दुकानावर आले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी वेगळी चूल मांडली आहे. वेगळं पातेलं, वेगळा डाव. आता तरी ये." आणि खरंच, शेवभाजीच्या डावाच्या दांड्याला त्यांनी पांढरी चिंधी बांधली होती. तो डाव मटणाच्या हंडीकडे गेलेला मी तरी कधी पाहिला नाही. जीवरामभाऊंना बघून गावातले आणखी माळकरी तिथं यायला लागले. रुपचंदकडचं चालतं, जीवराम खातो ना, असा हिशेब होता.

सुरुवातीला ते शेवभाजीला बरी म्हणायचे. मग एका रविवारी त्यांनी पहिला घास घेतला आणि मोठ्यानं हाक मारली, "रुपचंद! आज हात लागला रे तुझा!" त्या दिवशी त्यांनी वाट्यांवर वाट्या रस्सा मागितला. पुढच्या वेळी तशी चव नव्हती, तेव्हा तेही बोलून दाखवलं. "काय रे, आज हात घरी विसरला का?" त्यानंतर मात्र रस्सा कधी चुकला नाही. जीवरामभाऊ दुकानावर आलेल्या शेतकऱ्यांना सांगायचे, "मटण सोडल्याचं मला दुःख नाही. रुपचंदच्या शेवभाजीत सगळं आलं."

रूपालीचं लग्न जमत होतं तेव्हा मुलाकडची मंडळी एरंडोलहून आली. मुलाचे वडील तोतारामभाऊही माळकरी. दुपार झालेली, आणि भागाबाई नेमक्या तापानं पडलेल्या. बाहेर खायचं म्हटल्यावर तोतारामभाऊ जरा अडखळले. जीवरामभाऊंनी छातीवर हात ठेवला. "माझ्या शब्दावर चला. मी स्वतः खातो." ती मंडळी जेवली. मीही पंगतीला होतो. तोतारामभाऊंनी रस्सा दोनदा मागून घेतला, आणि संध्याकाळी सुपारी फुटली.

गेल्या वर्षी रुपचंदभाऊंचे गुडघे गेले. चुलीजवळ उभं राहवेना. स्वयंपाक सुनेनं, नूतननं, हातात घेतला. ती चोपड्याकडची, कमी बोलणारी, कामाला चपळ. रुपचंदभाऊ, म्हणजे तिचे नाना, गल्ल्याजवळ बाजेवर बसून बडीशेपेची वाटी पुढे करायला लागले.

आणि शेवभाजीची चव गेली.

म्हणजे मला ती वाईट वाटत नव्हती. तिखट-मीठ जागच्या जागी, शेव कुरकुरीत. पण जीवरामभाऊ प्रत्येक रविवारी काहीतरी बोलायचेच. "पोरी, मसाला भाजते का नुसता उन्हात ठेवते?" ती म्हणायची, "भाजते ना आबा." पुढच्या रविवारी: "चोपड्याला काय केळीच्या सालीचा रस्सा करता का गं?" सगळी खानावळ हसायची. नूतन पदरानं कपाळ पुसायची आणि आत जायची. रुपचंदभाऊ तेवढ्यापुरते हसत आणि लगेच कोणाला तरी बडीशेप देत.

जीवरामभाऊंचा हेतू वाईट नव्हता. मित्राचं दुकान पडू नये म्हणून ते बोलत होते. पण त्यांचं ऐकून बाकीचेही बोलायला लागले. मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्यांनी अर्धी भाकरी झाल्यावर वाटी पुढे सरकवली आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सासऱ्यानं जन्मभर कमावलेलं नाव तू वर्षात बुडवलंस, नूतन."

ती बाहेर आली. हाताला पीठ होतं. आमच्या टेबलाशी उभी राहिली आणि अगदी हळू, आम्हा दोघांनाच ऐकू येईल असं बोलली.

"आबा, नाना तुमच्या रस्स्यात अळणी घालायचे. मी घालत नाही. म्हणून ती चव नाही."

मसाला पडण्याआधी मटण शिजवलेलं जे पाणी हंडीतून काढून ठेवतात, त्याला अळणी म्हणतात. जीवरामभाऊंना हे ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "कशातलं अळणी?"

"मटणाचं, आबा. आमच्या माहेरी सगळे माळकरी. मी पहिल्याच दिवशी नानांना सांगितलं, माळकऱ्याच्या ताटात हे घालणं माझ्या हातून व्हायचं नाही. तुम्हाला सांगणार नव्हते. पण तुम्ही दर वेळी..." ती थांबली. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

जीवरामभाऊ हसले. खोटं काहीतरी ऐकल्यावर माणूस हसतो तसं. मग त्यांनी मान वळवून बाजेकडे पाहिलं. रुपचंदभाऊंना ऐकू गेलं नव्हतं, पण सून कोणापाशी उभी आहे ते दिसत होतं. त्यांनी नजर खाली घातली आणि बडीशेपेच्या वाटीतले खडे निवडायला लागले. त्या वाटीत खडे कधीच नसतात.

जीवरामभाऊंचं हसू तिथंच विरलं.

"ह्याच्यात नाही ना?" त्यांनी ताटाकडे बोट केलं.

"नाही आबा. तुमची आण."

त्यांनी सरकवलेली वाटी परत जवळ ओढली. मला वाटलं होतं ते उठून जातील. पण ते जेवले. भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवून पुसून खाल्ला. "पोरीनं स्वच्छ केलंय, टाकायचं कशाला," एवढंच म्हणाले. हात धुतले, आणि मग बाजेपाशी गेले.

"किती दिवसांपासून?" असं ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "काब्रं?" म्हणजे, का?

रुपचंदभाऊ वाटीकडे बघतच बोलले. पहिल्यांदा ते चुकून झालं होतं. गर्दीत रस्सा कमी पडला, हाताशी अळणीचं पातेलं होतं, गडबडीत ओतलं गेलं. कळल्यावर ते घाबरले होते. पण तेवढ्यात जीवरामभाऊंची हाक आली.

"तूच म्हणना व्हता ना," रुपचंदभाऊ म्हणाले, "'आज हात लागला रे तुझा!' पुढला रविवारले नही टाकं, तर तोंड वाकडं करं तू. तू खुश व्हता जीवराम. तुले सांगं असतं तर तू परत जेवाले उना असता का?"

"मी चवले हो म्हणनू," जीवरामभाऊ म्हणाले. "तू माले इचारं नही."

"डाव तर वेगळाच ठेवला होता मी. शेवटपर्यंत." हे मात्र रुपचंदभाऊ अशा आवाजात म्हणाले की त्यांना स्वतःलाही ते पटत असावं.

जीवरामभाऊ दाराकडे वळले. आम्ही बाहेर पडलो. रस्ताभर ते आपल्या नाकाला हात लावत होते. दुकान आलं तेव्हा म्हणाले, "ओळखीची चव वाटायची गुरुजी. ओळखीची वाटायची म्हणूनच मी त्याचं कौतुक करायचो. जळकी मोटर उघडायच्या आधी सांगतो मी. आणि ताटात काय आहे ते मला कळलं नाही." नंतर स्वतःशीच, "की कळत होतं?"

त्याच दुपारी त्यांनी भागाबाईंना सांगितलं. मी ओट्यावर होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. 'मी म्हणत होते ना' असं त्या म्हणतील म्हणून जीवरामभाऊ मान खाली घालून उभे होते. त्यांनी तसं म्हटलं नाही. "तुम्ही जाणून नाही खाल्लं," एवढं म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या. मग हात थांबला. "पण रूपालीच्या सासऱ्यांना तिथंच नेलं होतं ना?"

जीवरामभाऊंना त्या दिवसापासून झोप लागेना. स्वतःचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण तोतारामभाऊ त्यांच्या शब्दावर जेवले होते. सांगावं तर मुलीच्या सासरी तोंड कसं दाखवायचं, आणि रूपालीला तिथं काय ऐकावं लागेल? न सांगावं तर रुपचंदनं आपल्याशी केलं तेच आपण व्याह्यांशी करतो आहोत. ते रोज सकाळी येऊन माझ्यापाशी हेच उलटसुलट बोलायचे आणि निघून जायचे. दुकानात दोन मोटरींचं वाइंडिंग उलटं भरलं गेलं, असं कधी झालं नव्हतं.

संक्रांतीनंतर तोतारामभाऊ कोर्टाच्या कामानं धुळ्याला आले आणि सकाळीच घरी टेकले. जीवरामभाऊंनी मला बोलावून घेतलं. एकट्यानं सांगायचा धीर नव्हता. चहा झाला. तोतारामभाऊ रूपालीचं कौतुक करत होते, तिच्या हातच्या भाकरीचं, नातवाच्या खोड्यांचं. जीवरामभाऊंनी कप खाली ठेवला.

"व्याही, तुमचा मी गुन्हेगार आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. अळणीचं, चिंधी बांधलेल्या डावाचं, नूतनचं. सांगताना हात जोडलेलेच होते.

तोतारामभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या मिश्या हलल्या.

"अहो व्याही, एवढंच ना? मला वाटलं पोरीचं काही आहे की काय."

"एवढंच?"

"मला पहिल्या घासालाच कळलं होतं. माळ घालण्याआधी मी काय कमी खाल्लंय का? जिभेला कळतं हो."

जीवरामभाऊंचे हात अजून जोडलेले होते. "मग... बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? सोयरीक जुळत होती, मुलगी मनात भरली होती. ताटावरून उठलो असतो तर लग्न मोडलं असतं. म्हटलं, हे व्याही जाणूनबुजून खातात, आपल्यालाही चालवून घेतील, मोकळी माणसं दिसतात." तोतारामभाऊ मनापासून हसले. "आणि खरं सांगू? झकास होता रस्सा. आमच्या हिलाही कळलं होतं. घरी जाताना गाडीत आम्ही हसत होतो."

जीवरामभाऊंनी हात सोडले. माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"म्हणजे तुम्ही समजलात की मी..."

"अहो, त्यात काय? कोण बघतं?"

रुपचंदभाऊंनी फसवलं ते एका पातेल्यापुरतं होतं. इथं मात्र लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मुलीच्या सासरचं सगळं घर जीवरामभाऊंना माळ घालून मटणाचा रस्सा ओरपणारा माणूस समजत होतं, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, त्यांच्यावर प्रेम करत होतं. याचा राग तरी कोणावर काढायचा?

कोर्टाचं काम आटोपून तोतारामभाऊ दुपारी परत आले. "चला, रुपचंदकडे जाऊ. सून चांगलं करते म्हणता, बघू तरी," म्हणाले.

"तुम्ही जा," जीवरामभाऊ म्हणाले.

"एकटा? बरं, डबा आणू का तुम्हाला?"

आतून भागाबाईंनी उत्तर दिलं, "नको. वरण-भात झालाय."

तोतारामभाऊ चपला घालून गेले. त्यांनी गल्लीचं वळण घेईपर्यंत जीवरामभाऊ दारात उभे होते. मग आत येऊन पाटावर बसले. भागाबाईंनी वाढलं. त्यांनी पहिला घास हातात घेतला, तो जरा वेळ तसाच धरला, आणि तोंडात घालण्याआधी त्याचा वास घेतला. भागाबाईंनी ते पाहिलं. त्या उठून आत गेल्या, आणि ते जेवून उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.