तांब्यावरचा महाराष्ट्र

बेळगावहून निघताना बायकोने बजावलं, "भाषण आवरतं घ्या. माणसं दिवसभर राबून येतात." आमचं गाव म्हैसूर राज्यात टाकल्यापासून मी 'महाराष्ट्र' या नावाच्या मागे लागलो होतो, आणि तिला त्याचा अगदी वीट आला होता. लालबागला गिरणीत असलेल्या माझ्या मावसभावाने, दत्तूने, त्याच नावावर बोलायला बोलावलं तेव्हा मी हरखून गेलो.

दत्तू गाळ्यात (एका गावच्या कामगारांची सामाईक खोली) राहायचा. शेजारच्या मालवणी बाईंनी भात आणि कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) वाढली. दोनदा मागून घेतली. मग चाळीच्या चौकात मी सुरू झालो. नाणेघाटातल्या ब्राह्मी लेखात 'महारठि' आहे, पालीत 'महारट्ठ', संस्कृतात 'महाराष्ट्र'. कुणाला त्यात रथी दिसतात, कुणाला रट्ट नावाचं कूळ.

वरळीच्या बीडीडी चाळीतून आलेले कांबळे उठले. "गुरुजी, महारांचं राष्ट्र, असंही म्हणतात ना?"

"म्हणतात. तेही मत जुनंच आहे. नक्की काय ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही."

"मग कुणालाच बाहेर काढता येणार नाही," असं म्हणून ते बसले. पुढे बोलायचं माझ्या जिवावर आलं, इतकं ते मनात राहिलं.

पाहुण्याला नाव घातलेलं भांडं द्यायची त्या चाळीची रीत. दुसऱ्या दिवशी दत्तू आणि कांबळे मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. कारागिराने तांब्याच्या पोटावर ठकठक करत माझं नाव कोरलं, मग बेळगाव.

"पुढे महाराष्ट्र घाला," कांबळे त्याला म्हणाले.

"अहो, आम्ही म्हैसुरात. आणि महाराष्ट्र झालाय कुठे अजून?"

"आमची मुंबई तरी कुठे त्यात आहे? घालून ठेवू. मागनं जागा उरायची नाही."

दत्तू हसला. मला काही हसू येईना.

पुढे राज्य झालं. मुंबई त्यात गेली, आम्ही राहिलो. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. कुठल्या कुठल्या शिलालेखांत शोधलेलं ते नाव माझ्या गावापुढे लागलं ते एवढ्या एका तांब्यावर.

बायको तो रोज चिंचेने लख्ख घासते. फक्त त्या शेवटच्या शब्दावरून हात फिरवत नाही, अक्षरं झिजतील म्हणून. तिथलं तांबं काळं पडलंय. तसं कर, म्हणून मी तिला कधी सांगितलं नव्हतं.